क्रमांक नऊची वही

महाड,
९ सप्टेंबर २०२५

चि. राजेश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तुझी रेंज जाते, आणि ती नेमकी माझ्याच फोनला जाते, म्हणून कागद घेतला. पोस्टावर माझा भरवसा नाही. माझी सून रोज सकाळच्या एसटीने तुमच्या पोलादपूरला त्या दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायला येतेच, तिच्या पिशवीत पाकीट टाकते आहे. उत्तरही रेश्माच्याच हाती दे. डिंकाने चिकटवलं आहे, पण फोडून वाचण्याइतकी चौकस ती नाहीच.

तर कानावर आलं ते असं, की तू टायरच्या दुकानाच्या माडीवर क्लास काढला आहेस आणि बाहेर ‘न घाबरता इंग्रजी’ अशी पाटी लावली आहेस. दहावीला इंग्रजीत दोनदा आपटलेला माणूस न घाबरता शिकवतो, हे मात्र खरं. मुंबईच्या कचेरीत वीस वर्षं साहेबांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्यास, तेव्हा हाताला थोडं इंग्रजी लागलं असेल. पण पी हळद आणि हो गोरी, असं होत नसतं. मी तेहतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, एक पाटी लावली नाही. आणि म्हणे तू पहिले तीन महिने फक्त साधा भूतकाळ शिकवतोस. इंग्रजीत बारा काळ आहेत रे. एकच भाजी येणाऱ्याने खानावळ काढू नये.

इकडे गौरी छान झाल्या. शाळेतल्या मैत्रिणी आल्या होत्या. रेश्मा चहा घेऊन आली आणि कुणीतरी विचारलं म्हणून इंग्रजीत सांगायला लागली, ‘येस्टर्डे वुई मेक मोदक’. मी ते वाक्य तिच्याच चालीवर म्हणून दाखवलं. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. तीही हसली. घर कसं हसतंखेळतं असावं.

आता कामाचं. यशराजने पनवेलला खोली घेतली आहे आणि दिवाळीनंतर रेश्माला तिकडे न्यायचं म्हणतो. माझं म्हणणं साफ आहे, तिने इथेच राहावं. शिवथरसारख्या खेड्यातली मुलगी, चार माणसांत तोंड उघडत नाही, पनवेलला काय दिवे लावणार. यशराज तुझं, मामाचं, ऐकतो. त्याला चार शब्द सांग. तिला विचारलं तर ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणते, म्हणजे तिचं काही म्हणणं नाही.

लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर सांभाळायला मला सवड नाही.

तुझी,
अनुअक्का


पोलादपूर,
१२ सप्टेंबर २०२५

ती. अनुअक्कास राजेशचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट मिळालं. डिंक शाबूत होता.

पाटीबद्दल म्हणशील तर रंगाऱ्याने ‘घाबरता’ आणि ‘न’ यांत एवढं अंतर सोडलं होतं की पहिला आठवडा कुणी जिना चढलं नाही. मग नवी रंगवली. आता सव्वीस जण येतात.

एकच काळ का, ते सांगतो. उद्याचं विचारलं की माणसं थापा मारतात. आज काय चाललंय विचारलं की गडबडतात. काल मात्र होऊन गेलेला असतो, विषय शोधावा लागत नाही. म्हणून माझ्याकडे रोज प्रत्येकाने उभं राहायचं आणि काल काय केलं ते पाच वाक्यांत सांगायचं. नियम एकच, सांगितलेलं खरं पाहिजे. चुकलं तर मी नंतर सुधारतो, मध्ये कुणी हसत नाही.

पण एक झालं, ते मलाही ठाऊक नव्हतं. ही माणसं मराठीत जे जन्मात बोलली नसती ते इंग्रजीत बोलतात. स्टँडवर भाजी विकणारी राहीबाई साठीची आहे. तिचं म्हणणं असं, की मराठीत बोललं तर दुपारपर्यंत गावभर होतं, इंग्रजीत कोनाला कळतंय, आणि ज्यांना कळतं ती सगळी हितंच बसलीत, त्यांचं पन आपल्याला म्हाईत हाय, मंग भ्यायचं काय कारण नाय. त्यामुळे आमचा ठराव आहे, माडीवरचं माडीवर. राहीबाई आपण होऊन सगळ्यांना सांगते म्हणून तिचं लिहिलं, बाकी कोण येतं, काय बोलतं, ते मी सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही.

पनवेलचं मी यशराजला काही सांगणार नाही. रेश्माला विचार. ‘तुम्ही म्हणाल तसं’ यात तिचं म्हणणं नाही असं तू धरून चाललीस, मला तसं वाटत नाही. आणि गौरीच्या दिवशी ती हसली असं लिहितेस. तेव्हा तू तिच्याकडे बघत होतीस की मैत्रिणींकडे?

रागावलीस तरी लोभ कर, कारण लोभ न करता रागावणारी माणसं मला पुष्कळ आहेत.

तुझा,
राजेश


महाड,
१९ सप्टेंबर २०२५

चि. राजेश यास अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, कारण मध्ये चार दिवस तापाने पडले होते. पेजेवर काढले. आता बरी आहे, आणि तुझं पत्र वाचून तर अंगात अगदी ताकद आली.

रेश्मा हसली की नाही ते मला कळत नाही होय? तेहतीस वर्षं साठ साठ पोरांच्या वर्गात कोण हसलं ते पाठ फिरवून ओळखलेलं आहे मी.

तुझी शिकवण्याची पद्धत म्हणजे पारावरच्या गप्पा आहेत. माझ्या वर्गात भिंतीवर तक्ता होता. गो, वेन्ट, गॉन. सकाळी घंटा झाली की सगळा वर्ग एका सुरात. तीन वर्षं म्हटलं की झोपेत विचारलं तरी चूक होत नसे. त्यात कुणाचा काल कसा गेला याच्या चौकशा नव्हत्या. कुणी मार खाल्ला, कुणाच्या गायीने लाथ मारली, याच्याशी इंग्रजीचा काय संबंध? आणि खरं बोला म्हणे. व्याकरणाला खरंखोटं कळत नाही, बरोबर आणि चूक कळतं.

तुझ्या त्या सव्वीस विद्वानांनी काही लिहिलेलं असेल तर दहा वह्या पाठवून दे. लाल शाईची बाटली भरून ठेवली आहे. तू काय दिवे पाजळतो आहेस ते तुला कागदावर दाखवते, म्हणजे पाटी कधी उतरवायची ते ठरवता येईल.

रेश्माची एसटी हल्ली रोज उशिरा येते, साडेसात वाजतात. डेपोवाल्यांना एकदा तूच जाऊन सुनाव.

जमेल तेवढा लोभ ठेव, बाकीचा मी गृहीत धरते.

अनुअक्का


पोलादपूर,
२७ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास शि. सा. न.

दहा वह्या पाठवतो आहे. बांधून दिल्या आहेत, रेश्माला एसटीत जागा मिळाली म्हणजे बरं.

वहीत रोजची पाच वाक्यं आहेत. सगळ्यांना मोठ्या लिपीत, एकेक अक्षर सुटं लिहायला लावतो, म्हणजे कुणाचं अक्षर ओळखू येत नाही आणि लाजही वाटत नाही. नावांवर वर्तमानपत्र चिकटवलं आहे. फक्त क्रमांक बघ. वह्या द्यायच्या आधी दहाही जणांना विचारलं. तपासणारी कोण तेही सांगितलं, माझी बहीण, महाडच्या हायस्कुलातल्या बाई. नऊ जण लगेच हो म्हणाले. एकाने चार दिवस मागून घेतले आणि मग म्हटलं, पाठवा, पण सगळी वही शेवटपर्यंत वाचा म्हणावं.

तेवढं कर, अक्का. शेवटपर्यंत वाच. शेवटच्या पानावर दोन ओळींचा शेरा लिही, तुमच्या शाळेत लिहायचे तसा. त्यांना कुणी कधी लिहिलेला नाही.

तुझी ती ‘गो, वेन्ट, गॉन’वाली मुलं मला मुंबईत भेटायची. तक्ता अजून पाठ आहे त्यांना. साहेबाने काल का आला नाहीत विचारलं की माझ्या तोंडाकडे बघायची.

लोभ असू दे, लाल शाई बेताने वापर.

राजेश


महाड,
४ ऑक्टोबर २०२५

चि. राजेश यास अ. उ. आ.

वह्या परत पाठवते आहे. तीन दिवस बसून तपासल्या. शाईची अर्धी बाटली संपली. तू म्हणालास म्हणून शेवटपर्यंत वाचल्या, नाहीतर पहिल्या पानालाच ताप उलटला असता.

चार नंबरवाला ट्रक चालवतो हे सांगायला नकोच. काल मी कशेडीचा घाट उतरलो, गाय आली, मी थांबलो, गाय थांबली, गाय गेली. पाच वाक्यांत तीन गायीची. त्यापेक्षा गायीलाच क्लासला बसव. सहा नंबरवाली रोज काल काय काय विकलं त्याची यादी देते आणि शेवटी ‘मी दमले’ लिहिते. ती तुझी राहीबाई असणार. स्पेलिंग एक धड नाही, पण रोज दमते हे पटलं.

नऊ नंबरची वही मात्र निराळी आहे. अशी कोण आहे रे? भाकऱ्या, चूल, सासू, यावरून डोंगरावरच्या एखाद्या वाडीतली दिसते. तुझ्यासाठी मराठीत उतरवते, म्हणजे तुलाही कळेल. काल पाहुणे आले. मी बोलताना चुकले. सासूने माझं बोलणं पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या पानावर, काल मी आमटी केली. सासूने चव घेतली. मी वाट पाहिली. ती काही बोलली नाही. मी वाटी धुतली. आणखी पुढे, काल सासूला ताप होता. मी तीनदा पेज केली. तिने दोन वाट्या खाल्ल्या. मला बरं वाटलं. ती झोपल्यावर मी जेवले.

मला त्या सासूचा असा काही राग आला की पेन खाली ठेवावं लागलं. काही बायकांना चार जणांत दुसऱ्याचं हसं करण्यात काय मिळतं कोण जाणे. घरात एक माणूस तीनदा पेज करून देतं आणि हिच्या तोंडातून बरा शब्द निघत नाही. अशी सासू मला भेटली असती तर मी तिला महाडच्या पुलावर उभी करून जाब विचारला असता.

शेरा मागितला होतास ना? तिला मी चांगला सणसणीत लिहिला आहे. ‘मुली, वाक्यं लहान आहेत पण खरी आहेत. दहापैकी आठ. त्या घरात राहू नकोस. नवरा नेत असेल तर त्याच्याबरोबर जा, नेत नसेल तर एकटी जा. तुला बोलता येतं. तुझ्या सासूला कोणतीच भाषा येत नाही.’ बघ, याला शेरा म्हणतात.

यशराजचा पनवेलचा धोशा चालूच आहे. रेश्माला मी काल स्पष्ट सांगितलं, तुला तिथे दूधवाल्याशीसुद्धा बोलता येणार नाही. तिने मान हलवली.

लोभ वाढला तर हरकत नाही, आज मी चांगल्या मनात आहे.

अनुअक्का


पोलादपूर,
७ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास शि. सा. न.

गठ्ठा पोचला. तुझं पत्र वाचलं आणि संध्याकाळचा क्लास घ्यायला उठवेना.

मला शब्द मोडता येत नाही, म्हणून जेवढं लिहिता येतं तेवढं लिहितो. नऊ नंबरचा शेरा तू मनापासून लिहिलास का, ते कळव. आणि दिवाळीला अजून दोन आठवडे आहेत, तेवढ्यात रेश्माजवळ एकदा बस. काही शिकवू नकोस, काही सुधारू नकोस. काल दिवसभर तिने काय केलं एवढंच विचार, आणि ती सांगेल ते ऐकून घे. माझं ऐक, अक्का. मी तुझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही.

लोभ कर, आणि तो माझ्यावर नाही केलास तरी चालेल.

राजेश


महाड,
१० ऑक्टोबर २०२५

चि. राजेश यास अ. उ. आ.

शेरा मनापासूनच लिहिला. मन लावल्याशिवाय मी उत्तरपत्रिकेवर बरोबरची खूणदेखील केलेली नाही. त्या मुलीच्या सासूची भीड वाटते का तुला? गाठ घालून दे, तोंडावर सांगते.

रेश्माचा काल विचारू म्हणतोस. काल ती दवाखान्यात गेली आणि घरी आली. परवा गेली आणि आली. झालं तुझं पाच वाक्यांचं इंग्रजी. उगाच नसतं गूढ करू नकोस, भाऊबीजेला वेळेवर ये. ओवाळणी आणली नाहीस तरी पाटी उतरवल्याची बातमी आण.

लोभ आहेच, विचारत जाऊ नकोस.

अनुअक्का


पनवेल,
२९ ऑक्टोबर २०२५

ती. आई यांस रेश्माचा सा. न.

आम्ही सुखरूप पोचलो. चार दिवसांसाठी जाते असं सांगून निघाले होते, ते चार दिवस आज झाले. मी परत येणार नाही, इथेच राहणार आहे. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी ‘बरं, आई’ म्हटलं असतं आणि संध्याकाळच्या गाडीने आले असते.

क्रमांक नऊची वही माझी आहे. जूनपासून दवाखाना सुटला की मी मामांच्या माडीवर जात होते. एसटीला उशीर होत नव्हता, मी खोटं बोलत होते, त्याची माफी मागते. मामांवर रागावू नका. कुणाला सांगू नका अशी शपथ मीच त्यांना घातली होती.

वह्या तुमच्याकडे जाणार हे कळलं तेव्हा चार दिवस मागून घेतले ते मीच. माझं बोलणं तुम्ही कधी पुरतं ऐकलं नाहीत, पहिल्या चुकीलाच थांबवता. वाटलं, लिहिलेलं तरी शेवटपर्यंत वाचाल. आणि वाचलं की ओळखाल. पेजेच्या पानावर तरी ओळखाल असं वाटलं होतं. ते तीन दिवस तुम्ही ओटीवर वही तपासत होतात आणि मी आतून बघत होते. एकदा तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत. मला वाटलं, ओळखलंत.

तुमची पाकिटं मी एकही फोडलेलं नाही. पण माझी वही माझी होती. ती पोलादपूरच्या स्टँडवर राहीबाईंच्या भाजीच्या टोपल्यापाशी बसून उघडली. राहीबाईंनी विचारलं काय लिवलंय, तर मी त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, बाईमानूस शानी हाय, तिचं ऐक गो.

तरी मी दिवाळीपर्यंत थांबले. भाऊबीजेला मामा जेवत होते आणि तुम्ही ते मोदकांचं वाक्य पुन्हा म्हणून दाखवलंत. मामा हसले नाहीत. त्या दिवशी मीही हसले नाही, तुमचं लक्ष गेलं की नाही ठाऊक नाही. ते वाक्य मी गौरीच्या दिवशी घाबरून चुकले होते. माडीवर ते माझं कधीच चुकलेलं नाही.

यांनी मला ओढून आणलेलं नाही. माझं मीच ठरवलं. इथे एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे काम मिळालं आहे, सोमवारपासून जाते. मुलाखतीत त्यांनी विचारलं, आधीच्या ठिकाणी काय काम केलंत. मी सांगितलं. त्या मध्ये थांबवतील म्हणून वाट बघत होते, त्यांनी थांबवलं नाही.

लग्न झाल्यापासून तुमचं ऐकलं नाही असं एकदाही झालेलं नाही, आई. हेही तुम्ही सांगितलंत तसंच केलं.

गोळ्या देवघराच्या डाव्या खणात आहेत. सकाळची पांढरी जेवणाआधी.

लोभ मागत नाही, तुम्हाला वाटेल तेव्हा करा.

रेश्मा


महाड,
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रेश्मा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा सवयीने लाल पेन हातात घेतलं होतं. दुसऱ्या परिच्छेदाला ते खाली ठेवलं.

पहिले दोन दिवस मी राजेशला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी त्या तोंडावर द्याव्या म्हणून एसटीने पोलादपूरला गेले. क्लास चालू होता. त्या गाढवाने मला शेवटच्या बाकावर बसवलं आणि म्हणाला, पाळी आली की बोल. पाळी आली. मी उभी राहिले आणि पाच वाक्यं म्हटली. काल मी मैत्रिणींना भेटले, आम्ही पुस्तकांबद्दल बोललो, वेळ छान गेला, वगैरे. व्याकरणात एक खोट काढून दाखवावी कुणी. पहिल्या बाकावरून राहीबाई वळली आणि म्हणाली, बाय, ह्ये खरं नाय. राजेशने मला खाली बसवलं. तेहतीस वर्षं ज्या बाईने वर्गाला खाली बस म्हटलं तिला टायरच्या दुकानाच्या माडीवर खाली बसवलं, आणि भरल्या वर्गात एकही हसलं नाही. हसले असते तर मला सोपं गेलं असतं.

राजेश म्हणाला, खरं सापडलं की परत ये. ते परवा सापडलं. मी तुला हसले. चार जणींसमोर हसले, आणि तुझा चेहरा मी पाहिला होता. तो पाहिला म्हणूनच पुन्हा म्हणून दाखवलं, कारण मला मजा येत होती. भाऊबीजेला तू हसली नाहीस, तेही पाहिलं. तुला पनवेलला काही जमणार नाही असं म्हणत होते, पण तुला जमेल याचीच मला धास्ती होती. मग या घरात मी कुणाला शिकवणार? हे इंग्रजीत लिहिलं असतं तर झाकून गेलं असतं. मराठीत लिहिते आहे. यशराजलाही वाचायला दे.

वहीवर मी ज्या बाईला नावं ठेवली तिची ओळख पटायला मला तुझं पत्र लागलं. एवढी हुशार मी. डोळे पुसले होते ते खरं आहे. ते डोंगरावरच्या कुठल्याशा मुलीसाठी पुसले होते. तिच्यासाठी मला रडू आलं, आणि आतल्या खोलीत तू, माझी पेज केली होतीस तेच भांडं घासत होतीस.

राजेश म्हणतो, तिला परत बोलाव, तुझा शब्द ती मोडणार नाही. ते मला माहीत आहे, म्हणूनच बोलावणार नाही. तो शेरा मी मागे घेत नाही. एवढ्या वर्षांत मी हजारो शेरे लिहिले, त्यांतला हा एक अगदी बरोबर होता, कारण लिहिताना मला वाटलं, यात माझा काही संबंध नाही. तू गेलीस ते ठीक केलंस. तिथेच राहा.

दहापैकी आठ दिले होते. दोन का कापले ते काल आठवून पाहिलं. तुझ्या वहीत एकही चूक नव्हती. पैकीच्या पैकी द्यायची सवय नाही, म्हणून कापले.

लोभ कर असं म्हणायला मला तोंड नाही, तेव्हा ही ओळ तुझ्यासाठी रिकामी सोडते.

अनुपमा